फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉपवर आठ-दहा खिडक्या उघड्या आहेत. अर्धवट राहिलेला अहवाल, एक्सेलचा तक्ता, ब्राउझरमधले वीसेक टॅब. निघायची वेळ झाली म्हणून हायबरनेटवर क्लिक केलं. पडदा काळा झाला, दोन-चार सेकंद गेले आणि लॉगिनचा पडदा पुन्हा समोर हजर. परत क्लिक, परत तेच. दुसऱ्या कुणाच्या यंत्रात पडदा काळा होतो तो काळाच राहतो आणि आतला पंखा मात्र घुमत असतो. तिसऱ्याच्या यंत्रात तर हायबरनेट हा पर्यायच यादीतून नाहीसा झालेला असतो. तिघांच्या तक्रारी तीन तऱ्हेच्या, पण दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर तिघांनाही बहुधा एकच उत्तर ऐकायला मिळतं: फॉरमॅट मारावा लागेल.

बहुतेक वेळा तो मारावा लागत नाही. हायबरनेट अडण्यामागे जवळपास नेहमीच एखादं ठरावीक, शोधून काढता येईल असं कारण असतं आणि पुष्कळदा ते यंत्रानेच कुठेतरी नोंदवून ठेवलेलं असतं. ते न वाचता सगळी डिस्क पुसून टाकणं म्हणजे वापरणाऱ्याचा एक अख्खा दिवस आणि कधी कधी त्याचे फोटो, हिशेब, पत्रंही वाया घालवणं.

स्लीप आणि हायबरनेट यांत फरक आहे तो विजेचा. स्लीपमध्ये चालू काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडीशी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मग वीज तोडली जाते. बॅटरी काढून ठेवली तरी काम शाबूत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाची नियमावली आणली. तिच्यात या अवस्थांना क्रमांक दिलेले आहेत: नेहमीची स्लीप म्हणजे एस३, हायबरनेट म्हणजे एस४ आणि पूर्ण बंद म्हणजे एस५. आजही विंडोजच्या अहवालांत हेच क्रमांक दिसतात, म्हणून ते ओळखीचे असलेले बरे.

हायबरनेटवर क्लिक झाल्यावर आत बरंच काही घडतं. प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात. प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, आवरून घ्यायला सांगितलं जातं. ग्राफिक्स, वायफाय, आवाज, यूएसबी, टचपॅड, सगळ्यांनी होकार दिला की रॅममधला मजकूर दाबून लहान केला जातो आणि सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल डॉट सिस या लपवलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो. शेवटी बायोसला वीज तोडायला सांगितलं जातं. एसटीत कंडक्टरने घंटी दिली, सगळे प्रवासी बसले, पण एकाचा पाय अजून पायरीवर असला तर चालक गाडी हलवत नाही. इथेही एका ड्रायव्हरने रेंगाळायचं ठरवलं तरी पुरतं. विंडोज एक्सपीपर्यंत साध्या प्रोग्रॅमलाही असा नकार देता येत होता. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने तो अधिकार काढून घेतला. त्यामुळे आज हायबरनेटची आज्ञा देऊनही यंत्र अडत असेल, तर संशय वर्ड किंवा क्रोमवर घेण्यापेक्षा ड्रायव्हरवर घ्यावा.

या बिघाडाचा एक जुना आणि फार बोलका दाखला एक्सपीच्या काळातला आहे. २००५ नंतरची ती वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाचीही होती. घरोघरच्या आणि दुकानांतल्या डेस्कटॉपखाली यूपीएस असायचा, पण तो टिकायचा मोजकी मिनिटं. तेवढ्यात काम जतन करून यंत्र बंद करायचं, तर हायबरनेटसारखी सोय नाही. एक्सपीत बंद करण्याच्या खिडकीत शिफ्टचं बटण दाबून धरलं की स्टँड बायच्या जागी हायबरनेट उमटायचं, ही युक्तीही तेव्हा बऱ्याच जणांना ठाऊक होती. पण याच एक्सपीत, १ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असलेल्या यंत्रांवर, हायबरनेट अधूनमधून अडायचं आणि पुरेशी साधनसामग्री उपलब्ध नाही अशा अर्थाचा संदेश कोपऱ्यात झळकायचा. लोक चक्रावायचे. रॅम वाढवली तर यंत्र सुधारायला हवं. हे उलटंच झालं.

कारण असं होतं. हायबरनेटच्या तयारीसाठी विंडोजच्या गाभ्याला मेमरीचा एक सलग तुकडा लागायचा आणि यंत्र जितकी जास्त रॅम वापरत असेल तितका तो तुकडा मोठा लागण्याची शक्यता असायची. बराच वेळ चाललेल्या यंत्रात मोकळी मेमरी भरपूर असली तरी ती विखुरलेली असायची. सलग तुकडा मिळाला नाही की हायबरनेट रद्द. सकाळी यंत्र नुकतंच सुरू झालेलं असताना सगळं सुरळीत आणि संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर, नेमकं हवं तेव्हा नकार, असा प्रकार त्यातून व्हायचा. मायक्रोसॉफ्टने यावर स्वतंत्र दुरुस्ती काढली आणि ती बसवल्यावर प्रश्न मिटायचा. ज्यांनी या बिघाडापायी यंत्र फॉरमॅट केलं, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही, कारण नव्याने टाकलेल्या एक्सपीतही तोच दोष होता.

आताच्या विंडोज १० आणि ११ मध्ये विचारपूस फार सोपी झाली आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधावा, त्यावर उजवी क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी ही आज्ञा टाइप करायची: पॉवर हा इंग्रजी शब्द, त्याला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. एंटर दाबताच दोन याद्या समोर येतात. वरच्या यादीत या यंत्राला जमणाऱ्या अवस्था असतात, खालच्या यादीत न जमणाऱ्या आणि प्रत्येकीखाली त्याचं कारण. एस१ आणि एस२ या अवस्था फर्मवेअरला चालत नाहीत, असं खाली लिहिलेलं पाहून घाबरायचं कारण नाही. त्या जुन्या काळच्या अवस्था आहेत आणि बहुतेक यंत्रांत त्या नसतातच. पाहायचं ते हायबरनेट कुठल्या यादीत आहे आणि खालच्या यादीत असेल तर त्याच्याखाली काय लिहिलंय, एवढंच.

तिथे सर्वांत जास्त वेळा आढळणारं वाक्य म्हणजे हायबरनेशन सुरूच केलेलं नाही. हा बिघाड नाही. कुणीतरी केलेली गोष्ट आहे. हायबरफिल ही फाइल मोठी असते. विंडोज १० मध्ये ती साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सुमारे साडेसहा जीबी. १२८ जीबीची एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर सी ड्राइव्ह तांबडा झाला की जागा मोकळी करण्याच्या सल्ल्यांत ही फाइल काढून टाकणं हमखास असतं. कुणी ओळखीचा ती आज्ञा चालवून देतो, जागा मिळते, आणि सहा महिन्यांनी हायबरनेट कुठे गेलं म्हणून शोधाशोध सुरू होते. त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, तिरकी रेघ एच आणि पुढे ऑन असं लिहिलं की फाइल परत तयार होते.

याचाच एक चुलत प्रकार आहे आणि तो जास्त फसवा. फाइल जागेवर असते, पण ती कमी आकाराची, रॅमच्या फक्त २० टक्के. एवढी फाइल विंडोजच्या फास्ट स्टार्टअपला पुरते, पूर्ण हायबरनेटला पुरत नाही. अशा वेळी अहवालात फाइलचा प्रकार हायबरनेशनला चालणारा नाही असा शेरा येतो. इथे तिरकी रेघ एच, तिरकी रेघ टाइप आणि पुढे फुल अशी आज्ञा द्यावी लागते.

फास्ट स्टार्टअप हे प्रकरण इथे समजून घ्यायला हवं, कारण त्याने बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून शट डाऊन म्हणजे खरं तर अर्धं हायबरनेट असतं. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरफिलमध्ये उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली अप टाइम पाहिला की याचा पुरावा मिळतो: रोज रात्री यंत्र बंद करणाऱ्या माणसाच्या यंत्रातही तिथे आठ-दहा दिवसांचा आकडा दिसतो. त्यामुळे एखादा अडलेला ड्रायव्हर रोजच्या शट डाऊनने सुटत नाही. रीस्टार्टमध्ये मात्र गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. हायबरनेटची कुठलीही तपासणी करण्याआधी एकदा रीस्टार्ट करावं असं जाणकार सांगतात ते यासाठी.

त्याच विंडोज ८ पासून पुष्कळ यंत्रांत हायबरनेट पॉवरच्या यादीत मुळात दिसतच नाही. ते बंद नसतं, झाकलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवणारा दुवा, मग सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला असं सांगणारी ओळ, आणि खाली हायबरनेटपुढची चौकट. टिक केली की काम झालं.

यापुढची कारणं खऱ्या अर्थाने दोषाची. नवं विंडोज टाकल्यावर किंवा मोठ्या अपडेटनंतर कधी कधी ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसत नाही आणि त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टचा कामचलाऊ ड्रायव्हर चालू राहतो. चित्र दिसतं, व्हिडिओ चालतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण या कामचलाऊ ड्रायव्हरला पडदा झोपवून परत जसाच्या तसा उभा करता येत नाही, त्यामुळे विंडोज स्लीप आणि हायबरनेट दोन्ही बंद ठेवतं. अहवालात कारण म्हणून ग्राफिक्सचा उल्लेख येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्स उघडून पाहावं. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर असं नाव दिसलं, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवावा. फॉरमॅटनंतर हायबरनेट गेलं, या तक्रारीची सुरुवात पुष्कळदा इथेच असते.

डिस्कचं प्रकरण याहून नाजूक. दिवसभर डिस्क नीट चालते, फाइली उघडतात, जतन होतात, तरी हायबरनेटच्या वेळी लिहिणं फसतं. हे कसं? हायबरफिल लिहिताना विंडोज नेहमीचा डिस्क ड्रायव्हर वापरत नाही. तो तर इतर ड्रायव्हरांबरोबर गोठलेला असतो. त्यासाठी त्याची एक वेगळी, छोटी प्रत वापरली जाते. निळा पडदा आल्यावर मेमरीची नोंद डिस्कवर लिहिते तीच. डिस्क संपूर्ण कुलूपबंद करणारं एखादं सॉफ्टवेअर असेल, तर त्यालाही या वेगळ्या वाटेवर आपला जोडभाग ठेवावा लागतो. तो जुना किंवा सदोष असला की रोजचं काम सुरळीत आणि हायबरनेट तेवढं अडलेलं. अशा यंत्रात डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आणि ते सॉफ्टवेअर, दोन्ही नवीन आवृत्तीवर आणणं हा पहिला उपाय.

पडदा काळा आणि पंखा चालू, या लक्षणात मात्र आधी घाई आवरावी. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला, तर सहा जीबी लिहायला मिनिटभर लागतंच. त्या मिनिटात पॉवरचं बटण दाबून धरलं तर लिहिणं अर्धवट राहतं आणि उघडं काम जातं. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर थांबावं. पाच-दहा मिनिटं दिवा स्थिर आणि पंखा तसाच घुमतोय, तर मजकूर लिहून झाला पण वीज तोडायची शेवटची पायरी बायोसने पाळली नाही, असा अंदाज बांधता येतो. तिथे विंडोज पुन्हा टाकून काडीचाही फरक पडत नाही. बायोसची नवी आवृत्ती, तीही त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेली, हा उपाय. आणि ती चढवताना चार्जर लावलेला असलाच पाहिजे.

एखादा ड्रायव्हर होकारच देत नसेल तर ठरावीक वेळ वाट पाहून विंडोज निळा पडदा दाखवतं. त्यावर ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर असे शब्द असतात, ९एफ हा त्याचा क्रमांक, आणि कधी कधी त्यासोबत शेवटी सिस असलेलं फाइलचं नावही येतं. मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा. ते नाव म्हणजे जवळपास गुन्हेगाराचा पत्ताच. नाव मिळालं नाही तर मेहनतीची पण खात्रीची रीत उरते. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डॉक, वायरलेस माऊसचं रिसीव्हर, सगळं काढून हायबरनेट करून बघायचं. झालं, तर एकेक जोडत जायचं. नाही झालं, तर सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायच्या, उरलेल्यांपैकी अर्ध्या बंद करायच्या, रीस्टार्ट करून पुन्हा बघायचं. दोष ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग. साठ सेवा असल्या तरी सहा खेपांत एक नाव हाती येतं.

सांगितल्यावर न होणं आणि आपोआप न होणं, या दोन तक्रारी मात्र वेगवेगळ्या धराव्यात. अर्ध्या तासाने आपणहून हायबरनेट व्हायला हवं असलेलं यंत्र रात्रभर जागं राहिलं, तर तिथे प्रोग्रॅमही दोषी असू शकतात, कारण व्हिडिओ चालू आहे, फाइल दुसऱ्या संगणकावरून उघडलेली आहे, आवाजाचं उपकरण वापरात आहे, अशा सबबी विंडोज ऐकून घेतं. पॉवरसीएफजीपुढे तिरकी रेघ आणि रिक्वेस्ट्स लिहिलं की त्या क्षणी कोण यंत्राला जागं ठेवतंय त्यांची नावं मिळतात. हायबरनेट होऊन लगेच उठणाऱ्या यंत्रासाठी तिरकी रेघ लास्टवेक. तिथे नेटवर्क कार्डाचं नाव आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली यंत्राला उठवण्याची परवानगी काढून घ्यावी.

विंडोजबाहेर पाहिलं तर मॅकबुक झोपताना काळजी म्हणून मेमरीची एक प्रत डिस्कवर ठेवतं, आणि वापरणाऱ्याला त्याकडे सहसा बघावंही लागत नाही. लिनक्समध्ये मात्र हायबरनेट ही आजही पदरमोड करून मिळवायची गोष्ट आहे. उबुंटूने २०१२ च्या १२.०४ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली. रॅममधला मजकूर तिथे स्वॅप नावाच्या जागेत लिहिला जातो. ती लहान असेल तर हायबरनेट नाही. २०२० च्या फेडोरा ३३ पासून स्वॅप म्हणून रॅमचाच दाबून ठेवलेला भाग वापरतात, आणि वीज गेल्यावर तो रिकामा होणार, म्हणून तिथेही नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर कित्येक वितरणांत लिनक्सचा गाभाच हायबरनेटला मनाई करतो. डिस्कवर ठेवलेल्या त्या प्रतीत कुणी मध्येच फेरफार केला तर तो ओळखता येत नाही, हे त्यामागचं कारण. ही मनाई रास्त आहे. नेमकं हेच न कळल्यामुळे लोक तासन्‌तास स्वॅपचे आकडे बदलत बसतात.

पण दोष शोधण्याचं एक विलक्षण साधनही लिनक्सनेच दिलं. उठताना यंत्र अडकलं तर कुठल्या उपकरणापाशी अडकलं हे कळायचं कसं? पडदा काळा, कळफलक मेलेला, आणि वीज तोडून पुन्हा सुरू केलं की रॅममधल्या खुणा पुसलेल्या. लिनस तोरवाल्ड्स यांनी यावर २००६ च्या सुमारास वाट काढली. सक्तीने पुन्हा सुरू केल्यावरही आपली किंमत टिकवून ठेवणारी यंत्रात एकच जागा सापडते: बटण-सेलवर चालणारं घड्याळ. म्हणून पीएम ट्रेस हे साधन चालू केलं की उठताना प्रत्येक टप्प्यावरची खूण घड्याळाच्या तारीख-वेळेत कोंबली जाते. यंत्र अडकलं की साधारण तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचं, नाहीतर घड्याळ पुढे सरकून खूण बिघडते. सुरू झाल्यावर गाभ्याच्या नोंदींत त्या खुणेशी जुळणाऱ्या उपकरणाचं नाव येतं. घड्याळ अर्थातच भलतीच तारीख दाखवतं. ते नंतर नीट लावायचं.

एवढी खटपट करण्याजोगं महत्त्व हायबरनेटला आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमधून एस३ ही जुनी स्लीप काढून टाकली गेली आणि तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलं. त्यात यंत्र मोबाइलसारखं अर्धवट जागं राहतं. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप काही तासांनी तापलेला आणि बॅटरी संपत आलेली मिळते, ही तक्रार त्यातून येते. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावं अशी सेटिंग करणं. पॉवर ऑप्शन्समध्ये ती आहे. प्रवास करणाऱ्याने ती जरूर करावी.

इतकं करूनही दुकानात जायची वेळ आली, तर सोबत एक कागद न्यावा. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, बायोसची आवृत्ती, त्या काळ्या खिडकीतल्या दोन्ही याद्या जशाच्या तशा, निळ्या पडद्याचा फोटो असेल तर तो, आणि हायबरनेट शेवटचं कधी नीट झालं व त्यानंतर कुठलं अपडेट, कुठला प्रिंटर, कुठली रॅम यंत्रात आली, हे त्यावर लिहिलेलं असावं. आणि तो कागद वाचून होईपर्यंत डिस्कला हात लावू नये, असं काउंटरवरच स्पष्ट सांगावं.